नामुयेन्जेच्या छपराची कोरडी बाजू

१६ मार्च २०१० रोजी कंपालातील कासुबी टेकडीवरची मोठी गवती समाधी जळून गेली. युगांडातल्या आमच्या बुगांडा राज्याचे चार राजे तिच्या छायेत पुरलेले होते. आग कशाने लागली याविषयी त्या दिवसापासून पुष्कळ बोलले गेले आहे. सर्वांना पटेल असे उत्तर माझ्या पाहण्यात नाही. ही हकीकत मात्र त्या आगीची नाही. कासुबीच्या पलीकडे, बुसिरो परगण्यात, आमच्या जुन्या राजांच्या समाध्या टेकड्याटेकड्यांवर विखुरलेल्या आहेत. नामुयेन्जे टेकडीवरची समाधी त्यांपैकीच एक. ती लहान आहे, रस्त्यापासून आत आहे आणि तिच्याकडे कोणी छायाचित्रे काढायला येत नाही. तिचे छप्पर शाकारणाऱ्या एरिफाझींची ही हकीकत आहे. कासुबीच्या आगीचा तिच्याशी संबंध इतकाच की, ती आग लागली नसती तर एरिफाझी आपल्या भावाकडे कदाचित गेलेच नसते.

एरिफाझी एन्गेये कुळातले. काळे-पांढरे माकड हे त्या कुळाचे चिन्ह, आणि राजांच्या समाध्यांवर गवत चढवण्याचा मान त्याच कुळाचा. आमच्याकडे कुळाच्या प्रमुखालाही ‘छपराच्या शेंडीचा धनी’ म्हणतात. यावरून छपराला आम्ही काय समजतो ते कळावे. नामुयेन्जेची समाधी म्हणजे उपडी घातलेली मोठी टोपली. छप्पर थेट जमिनीला टेकते आणि पुढे वाकून आत जाण्यापुरते तोंड असते. आतून पाहिले तर बोरूच्या जुड्या वळून केलेले वेढे एकावर एक चढत जातात; खालचा सर्वांत रुंद, शेंडीजवळचा हाताच्या कवेत मावणारा. या वेढ्यांवर गवत बसते. पेंढ्यांची सर्वांत खालची ओळ तेवढी दोराने बांधायची. वरची प्रत्येक ओळ खालच्या ओळीच्या माथ्यावर दाबून बसवायची. तिला दोर नाही. वरच्या पेंढीचे वजन खालचीला धरून ठेवते. त्यामुळे मधलीच एखादी पेंढी कोणाला ओढून काढता येत नाही, आणि मधलेच एखादे भोक बुजवताही येत नाही.

एरिफाझी आणि त्यांचा धाकटा भाऊ नासानी ही शाकारणी मिळून करीत. दाराच्या एका अंगाने एरिफाझी सुरुवात करीत, दुसऱ्या अंगाने नासानी. पूर्वेची अर्धी बाजू थोरल्याची, पश्चिमेची धाकट्याची. दोघे चढत चढत शेंडीशी भेटत. शेवटची पेंढी टोपीसारखी उलटी करून शेंडीवर बसवायची आणि समोरासमोर उभे राहून दोघांनी मिळून बांधायची. ते हात एकाच आईच्या पोटचे असावेत, अशी त्या घराण्याची रीत होती.

आणखी एक रीत होती. ती साऱ्या शाकारणाऱ्यांची. जुने गवत उतरल्यापासून शेंडी बांधेपर्यंत त्यांनी घरी जायचे नाही. कुंपणाच्या आतल्या झोपडीत निजायचे. बायकांनी कुंपणाच्या आत यायचे नाही, पेंढ्या ओलांडायच्या नाहीत. हे ज्याने मोडले त्याची बाजू गळते. म्हणून आमच्याकडे समाधी गळाली की वर कोणी पाहत नाही. लोक आधी शाकारणाऱ्याकडे पाहतात, आणि मग त्याच्या बायकोकडे.

१९९७ साली दोघा भावांनी नामुयेन्जे शाकारली. सरकारने एके काळी बंद केलेले आमचे राज्यपद परत आल्याला फार वर्षे झाली नव्हती आणि टेकडीटेकडीवर उत्साह होता. नासानीचे लग्न नुकतेच झाले होते. त्याची बायको दामाली जेवणाला पानात बांधलेले उकडलेले केळे घेऊन कुंपणापाशी येई तेव्हा इतर शाकारणारे वरूनच ओरडत.

“नासानी, केळं आलं बघ! पानातलं खा हां, आणणारीकडे बघू नको!”

“बघितलं तर काय होतंय? डोळ्यांनी छप्पर गळत नाही,” नासानी उत्तर देई.

“तुझ्या डोळ्यांचा भरवसा नाही रे बाबा. भावाला विचार. त्याच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, त्याला आता वहिनी अन् पेंढी सारखीच.”

“वहिनीला सांगू का हे?” नासानी म्हणे, आणि सगळे चूप होत. एरिफाझींच्या पत्नी केझिया यांच्या जिभेला सारे गाव वचकून होते.

त्या वर्षाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत एल निन्योचा पाऊस झाला. हे नमूद करणे मला आवश्यक वाटते, कारण नामुयेन्जेला ही बाब कोणी कधी बोलून दाखवीत नाही. त्या पावसात पूल वाहून गेले, पक्क्या भिंती पडल्या आणि पत्र्याची घरेही गळली. त्याच दिवसांत एका सकाळी समाधीत कुळाची वडीलधारी मंडळी जमली होती. जमिनीवर सुवासिक गवत, त्यावर चटया. झाडाच्या सालीच्या कापडाच्या पडद्यापुढे समाधीची राखणदारीण बसलेली. राजाच्या बहिणीचे पद त्या चालवीत, म्हणून सारे त्यांना नालिन्या म्हणत, आणि बोलताना आदराने ‘न्याबो’, म्हणजे बाईसाहेब. बोलणे चालू असता त्यांच्या चटईवर पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा. जागा पश्चिमेची होती.

नालिन्यांनी ओल्या जागेवर तळहात ठेवला आणि वर न पाहता विचारले, “ही बाजू कुणाची?”

कोणालाच सांगावे लागले नाही. नासानी उठून उभा राहिला.

“न्याबो, मी घरी गेलो नाही. आईची शपथ.”

“मी विचारलं का?”

“सगळे विचारतायत ना, तोंड न उघडता. दादा, तू तरी सांग. मी तुझ्या शेजारीच झोपत होतो.”

एरिफाझी शाकारणीचे मुख्य होते. भाऊ शेजारी झोपत होता हे खरे होते. पण आपण स्वतः गाढ झोपणारे, हेही त्यांना माहीत होते. पूर्वेच्या बाजूकडे त्यांनी नजर टाकली. तिथे चटया कोरड्या होत्या. ते म्हणाले, “माझी बाजू कोरडी आहे.”

ते खोटे बोलले नाहीत. पण त्या सकाळी एवढे एक वाक्य पुरेसे झाले. विहिरीवरच्या बायका दामालीला ‘थेंबाबाई’ म्हणू लागल्या. ती घागर घेऊन आली की कोणीतरी आकाशाकडे पाही आणि कोणीतरी डोक्यावरचे फडके सावरी. दामालीने काही दिवस सोसले. मग ती विहिरीवर जायची थांबली आणि पाणी नासानी आणू लागला. त्यावरही लोक हसले. पुढल्या कोरड्या हंगामाच्या आधी दोघे नामुयेन्जे सोडून लुवेरोला गेली. निघताना नासानी थोरल्या भावाच्या अंगणात आला नाही.

लुवेरोत त्याने जे काम धरले ते ऐकून गावाला आणखी एक विषय मिळाला. तो लोकांच्या घरांवर लोखंडी पत्रे ठोकू लागला होता.

कासुबीची आग लागल्यानंतर नालिन्यांनी एरिफाझींना बोलावून घेतले. त्यांचे वय तेव्हा बरेच झाले होते, आणि एरिफाझींचेही.

“कासुबी गेली,” त्या म्हणाल्या. “आता आपल्याकडे आहे ते तरी धड करा. माझ्या उशाजवळून उंदीर गवत ओढून नेतात. राजाला थंडी वाजत असेल.”

“न्याबो, गवत मी आणीन. माणसंही जमवीन. शेंडीचं काय करायचं?”

“शेंडीचं काय म्हणजे? तुझा भाऊ आहे की गेला?”

“आहे.”

“मग आण त्याला. का मी जाऊ, या गुडघ्यांनी?”

“तो यायचा नाही.”

“तू बोलावलंस का?”

एरिफाझींनी नजर छपराकडे वळवली. नालिन्या हसल्या. “छप्पर उतरव तर आधी. उघडी समाधी बघून तरी पाय निघतील तुझे.”

पुढल्या वर्षी, कोरड्या हंगामात, जुने गवत उतरवले गेले. पश्चिमेकडचे खांब वाळवीने पोखरून जमिनीत खचले होते. त्या कामावर असलेल्या अनेकांनी मला हे सांगितले, आणि त्यांच्या सांगण्यात मेळ आहे. खांब खचल्यामुळे बोरूचे वेढेही पश्चिमेकडे कलले होते. याच्या पुढची गोष्ट मात्र फक्त एरिफाझींनी पाहिली. शेंडीखालच्या एका वेढ्यावर त्यांना पाण्याचा काळा ओघळ दिसला. तो खाली उतरला नव्हता. वेढ्याच्या अंगाअंगाने आडवा गेला होता. तो सुरू होत होता पूर्वेच्या उतारावर, त्यांनी स्वतः दाबून बसवलेल्या पेंढ्यांखाली. तिथून कललेल्या वेढ्यावरून सरकत तो पश्चिमेला गेला होता आणि नालिन्यांच्या चटईच्या वर संपला होता.

त्यांनी तो वेढा कोणाला दाखवला नाही. उतरवलेले सामान रीतीप्रमाणे समाधीमागच्या केळींत टाकले जाते. तिथेच त्यांनी तोही टाकला. दुपारी केझिया जेवण घेऊन आल्या तेव्हा कुंपणाच्या बोरूंमधून ते दबक्या आवाजात बोलले. हे संभाषण केझियांनी मला सांगितले आहे, आणि त्यांच्या सांगण्यापलीकडे त्याला पुरावा नाही.

“पाणी माझ्याकडून आलं होतं.”

“कुठलं पाणी?”

“त्या वर्षीचं. दामालीचं.”

केझियांनी पानात बांधलेले केळे कुंपणावरून त्यांच्या हाती दिले. “मग आता काय करणार?”

“लुवेरोला जाईन म्हणतो. इथूनच. घरी न येता.”

“जा. पण रिकाम्या हातानं जाऊ नका. आणि तिथं जाऊन खांबासारखे उभे राहू नका, काहीतरी बोला.”

नासानीचे घर लुवेरोच्या बाजारामागे होते. अंगणात पत्र्यांची चळत आणि खिळ्यांचे डबे. नासानीच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. दामालीने गुडघे टेकून थोरल्या दिरांना नमस्कार केला, ख्यालीखुशाली विचारली, चटई टाकली. पाहुण्यापुढे कॉफीच्या सुकलेल्या बियांची टोपली ठेवतात. ती मात्र तिने ठेवली नाही. एरिफाझींनी ते पाहिले.

नासानी म्हणाला, “बस दादा. गवत सोडून पत्र्याखाली आलास, डोकं तापेल तुझं.”

“बरं चाललंय की तुझं.”

“चाललंय. पत्रा फार चांगला. त्याच्याखाली नवरा-बायको खुशाल झोपतात. पत्रा कुणाला काही विचारत नाही.”

दामाली आत जाता जाता थांबली, आणि गेली.

एरिफाझी बराच वेळ हवापाण्याचे बोलले. मग म्हणाले, “शेंडी बांधायची आहे.”

“बांध की.”

“एकट्यानं होत नाही. तुला माहीत आहे.”

“मावसभावाला घे. चुलत्याच्या पोराला घे. एन्गेयेचे हात काय कमी आहेत?”

“एकाच आईचे हवेत.”

“एकाच आईचे होते, दादा. तेव्हाही होते.”

यानंतर एरिफाझींनी वेढ्याची गोष्ट सांगितली. अडखळत, पण सांगितली. नासानी ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारले, “वेढा कुठाय?”

“केळींत टाकला.”

नासानी हसला, त्यात वैर नव्हते, असे दामाली म्हणते. “म्हणजे तुझ्याशिवाय कुणी बघितला नाही. बरं केलंस.”

तेवढ्यात दामाली बाहेर आली. टोपली तिच्या हातात होती, पण तिने ती खाली ठेवली नाही.

“भाऊजी, यांना न्यायचं तर न्या. यांचं मन तिथंच अडकलंय. पत्रा ठोकताना सुद्धा खालून वर जातात, पेंढ्या चढवल्यासारखे. पण आधी एक करा. हे मला इथं सांगितलंत ते तिथं सांगा. त्या सगळ्यांसमोर. यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. माझं नाव तिथल्या बायकांच्या तोंडात ओलं राहिलंय.”

“सांगतो,” एरिफाझी म्हणाले.

“नक्की?”

“शिडीवर पाय ठेवायच्या आधी सांगतो.”

मग तिने टोपली त्यांच्यापुढे ठेवली. एरिफाझींनी बी उचलून तोंडात टाकली. नासानीनेही टाकली. दोघे चावत बसले.

परतल्यावर कुंपणापाशी त्यांनी केझियांना दामालीची अट सांगितली. ती सांगताना तिचा दुसरा अर्थ बहुधा त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आला असावा. पाणी पूर्वेकडून आले असे म्हणणे म्हणजे रीत पूर्वेच्या शाकारणाऱ्याने मोडली असे म्हणणे. खांब खचतात, वेढे कलतात, पाऊस अतोनात पडतो, हे सारे लोकांना दिसते. पण समाधीच्या बाबतीत ते कारण म्हणून कोणी धरीत नाही. दामालीचे नाव पुसले जाईल, आणि त्या जागी केझियांचे लिहिले जाईल. त्यांच्या वयाच्या बाईविषयी विहिरीवर काय बोलले जाईल, याची कल्पना नामुयेन्जेत वाढलेल्या कोणालाही करता येईल.

“ते तुझ्याकडे बघतील,” एरिफाझी म्हणाले.

“बघू देत. मी बघण्यासारखी कुठं राहिलेय आता?”

“तू घरात एकटी होतीस त्या दिवसांत. मी आलो नव्हतो.”

“मला माहितेय तुम्ही आला नव्हता ते. मला कशाला सांगता? तुम्ही सांगून टाका. तिनं इतकी वर्षं काढली. मी काढीन उरलेली.”

केझियांनी मला हे सांगितले. मग म्हणाल्या, “शब्द हेच होते. पण बाळा, म्हणताना माझा आवाज बारीक झाला होता. कुंपण मध्ये होतं, चेहरा त्यांना दिसत नव्हता. आवाज ऐकू गेला असणार.”

शेंडी बांधायचा दिवस आला. कुळाची मंडळी कुंपणाच्या आत, बायका बाहेर. नासानी आणि दामाली सकाळीच आली. नासानीला पाहून जुने सोबती पुढे झाले.

“अरे, पत्रेवाले आले! हातोडा आणलास का?”

“आणलाय. तुमचं डोकं कुठं गळतंय ते सांगा, ठोकून देतो.”

बरेच हसणे झाले. दामाली बाहेरच्या बायकांत उभी राहिली, थोडी कडेला. नासानीने बूट काढून कुंपणाशी ठेवले आणि तो शिडीवर एक पाय ठेवून उभा राहिला. शेंडीची पेंढी विंचरून तयार होती. एरिफाझी लोकांकडे वळले. सगळे शांत झाले, कारण ते काही बोलणार हे त्यांच्या उभे राहण्यावरूनच कळत होते.

ते म्हणाले, “त्या वर्षी इथं पाणी आलं. तुम्हा सगळ्यांना आठवतंय. ते कुणाच्या बाजूनं आलं, हे आता कोण सांगणार? जुनं गवत आपण टाकलं. त्याच्याबरोबर ते बोलणंही जाऊ द्या.”

लोकांना ते आवडले. “बरोबर, जाऊ द्या,” असे दोघे-तिघे म्हणाले, कोणी टाळ्याही वाजवल्या. त्या दिवशी हजर असलेल्या ज्यांना ज्यांना मी विचारले, त्या बहुतेकांच्या आठवणीत एरिफाझींचे ते बोलणे मोठ्या मनाचे आहे.

नासानीने शिडीवरचा पाय खाली घेतला. कुंपणाशी जाऊन बूट घातले. लेस बांधायला त्याला वेळ लागला. मग तो भावाजवळ आला आणि कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला, “दादा, तुझी बाजू अजून कोरडीच आहे.”

कुंपणाबाहेर केझिया होत्या. आत काय बोलले गेले ते सारे बायकांना ऐकू आले होते. दामाली बायकांमधून पुढे आली. तिने गुडघे टेकून थोरल्या जावेला नमस्कार केला. केझियांनी तिचा हात धरला आणि तो लगेच सोडावा की धरून ठेवावा, हे त्यांना कळेना. दामालीनेच तो सोडवून घेतला. मग दोघे नवरा-बायको टेकडी उतरून गेली.

शेंडी एरिफाझींनी एका चुलत पुतण्याबरोबर बांधली. एकाच आईच्या हातांची रीत त्या दिवशी तुटली. कोणी हरकत घेतली नाही. छप्पर आजवर गळलेले नाही. नालिन्या मात्र पश्चिमेच्या त्या जागेवर चटई अंथरीत नसत. “थेंब पडत नाही,” त्या मला म्हणाल्या, “पण बसवत पण नाही.”

२०१४ मध्ये नासानी लुवेरोत वारला. एरिफाझी प्रेताला गुंडाळायचे सालीचे कापड घेऊन केझियांसह दफनाला गेले. कुटुंबातल्या वडीलधाऱ्याने दोन शब्द बोलायचे असतात. एरिफाझी उभे राहिले आणि भावाच्या जन्माबद्दल, कामाबद्दल काहीच न बोलता म्हणाले, “नामुयेन्जेच्या समाधीत पाणी आलं ते माझ्या बाजूनं आलं होतं. नासानीच्या नाही. माझी बाजू ओली होती. मी सगळ्यांना सांगतोय.”

जमलेली माणसे लुवेरोची होती. बाजारातली, चर्चमधली, ज्यांच्या घरांवर नासानीने पत्रे घातले होते ती. नामुयेन्जे कुठे आहे हे त्यांतल्या फारच थोड्यांना माहीत असेल.

“कसलं पाणी?” एकाने शेजाऱ्याला विचारले.

“कुणास ठाऊक. घर गळत असेल त्यांचं.”

“म्हाताऱ्याला धरा रे, पडेल. भावाचा धक्का बसलाय.”

दोघांनी धरून त्यांना खाली बसवले. ते पुन्हा उठू पाहत होते.

दामालीला मी पुढे भेटलो. ती अजून त्याच घरात राहते. तो दिवस तिला नीट आठवतो. “ऐकलं मी,” ती म्हणाली. “पण मी ऐकून काय करू? मला तर ते पहिल्यापासून माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं, ते सगळे नामुयेन्जेला होते.”

१९९७ च्या त्या दिवसांत रीत पाळली गेली होती का, हे मी तिला विचारले. एखाद्या रीतीने पाणी अडते असे मला वाटत नाही. पण नोंद पुरी असावी म्हणून विचारले. ती मोठ्याने हसली. “अरे, तू पण? शिकलास एवढं आणि तू पण थोरल्या भाऊजींसारखाच. जा, छपराला विचार.”

दफनाहून परतल्यावर एरिफाझींनी तीच गोष्ट नामुयेन्जेत सांगितली का, हे मी ठिकठिकाणी विचारले. दोघेजण म्हणतात की त्यांनी चर्चबाहेर एकदा सुरुवात केली होती, पण बोलणे जुन्या विषयाचे आहे हे पाहून लोकांनी त्यांना प्रेमाने थांबवले: “तुम्हीच म्हणालात ना, जाऊ द्या म्हणून.” विहिरीवर ‘थेंबाबाई’ हा शब्द आजही वापरतात. कोणी ओले कपडे घालून आली की तिला म्हणतात. तो कोणावरून आला, हे तरुण मुलींना ठाऊक नाही.

एरिफाझी २०१९ मध्ये वारले. शेवटची काही वर्षे ते छपरावर चढत नसत. रोज सकाळी मात्र समाधीला एक फेरी घालीत. पूर्वेच्या बाजूने निघत आणि पश्चिमेपाशी उभे राहत. मी त्यांना तिथेच भेटलो होतो. वेढ्याविषयी विचारले तेव्हा त्यांनी मला समाधीमागच्या केळींत नेले आणि काठीने जागा दाखवली. तिथे वाळवीची माती होती.

आता जे ठाऊक नाही ते सांगून थांबतो. तो काळा ओघळ १९९७ च्या पावसाचा होता की नंतरच्या एखाद्या वर्षाचा, हे कळायला मार्ग नाही. वेढा राहिला नाही आणि तो एकाच माणसाने पाहिला. पश्चिमेचे खांब त्या पावसाआधी खचले की नंतर, हेही ठाऊक नाही. नंतर खचले असतील तर एरिफाझींचा तर्क टिकत नाही, आणि त्यांनी स्वतःवर घेतलेला दोष त्यांचा नव्हताच, असेही निघू शकेल. पाणी नेमके कुठून शिरले हे ठाऊक नाही. आणि शिडीपाशी उभे असताना ठरलेले वाक्य त्यांनी बदलले ते केझियांसाठी की स्वतःसाठी, हे मी त्यांना विचारले होते. ते पेंढ्यांच्या कडा हाताने सारख्या करीत राहिले. केझियांनाही हे ठाऊक नाही. त्यांनी ते कधी विचारले नाही, आणि आता विचारायला कोणी नाही.